पानाला नऊ ओळी

टोर्स्टन, साउथ डाकोटा
१४ एप्रिल

प्रिय ब्रिटा,

लाइल रविवारी जेवायला आला होता. ओव्हनमधलं हॉटडिश दोनदा वाढून घेतलं आणि मग काटा खाली ठेवून म्हणाला, "आई, ब्रिटा सायकलवरून ऑफिसला जाते." ओमाहाला कामासाठी आला होता तेव्हा तू त्याला रस्त्यात दिसलीस म्हणे. डोक्याला हेल्मेट, पाठीला पिशवी. "मी हॉर्न नाही दिला," म्हणाला. "तिला उगाच खजील झाल्यासारखं वाटलं असतं." माझा मुलगा विमा विकतो, पण मनाने वाईट नाही.

मी तुला काहीही विचारणार नाही. तू माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तो गेल्यापासून तुझ्यावर माया करण्याचं काम माझ्याकडे आहे, चौकशीचं नाही. माणसाच्या हातून चूक होते. आपल्या गावच्या मर्लचं आठव. पिऊन गाडी चालवली म्हणून लायसन गेल्यावर दोन वर्षं तो गवत कापायच्या ट्रॅक्टरवर बसून गावात यायचा आणि किराणा मांडीवर घेऊन परत जायचा. त्यानंतर त्याने बाटलीला हात लावला नाही. निदान लोकांसमोर तरी.

मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त गुरुवारच्या प्रार्थना मंडळात तुझ्यासाठी प्रार्थना केली, तीही नाव न घेता. "माझ्या एका भाचीसाठी, जी ओमाहात राहते आणि सिग्नलची इंजिनिअर आहे," एवढंच म्हटलं. शेजारच्या ग्लेनिसने फार मनापासून आमेन म्हटलं.

दारू सोडताना गोड खावंसं वाटतं असं ऐकलंय. सोबत खसखशीच्या केकची कृती पाठवते आहे.

तुझी
आर्डिस आत्या


ओमाहा, नेब्रास्का
२२ एप्रिल

प्रिय आत्या,

पत्र मिळालं, कृतीही मिळाली. माझं लायसन माझ्या पाकिटात आहे आणि त्याची मुदत संपायला अजून तीन वर्षं आहेत. मी पीत नाही. गेल्या ख्रिसमसला लाइलने दिलेला एकच ग्लास मी तीन तास हातात धरून बसले होते आणि शेवटी तुझ्या नेच्याच्या कुंडीत ओतला. नेचा कसा आहे?

तुझी शंका तुझ्या एकटीची नाही. या देशात मोठं माणूस सायकलवर निघालं की लोक दोनच अर्थ काढतात. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे असतील तर ते व्यायाम करतंय. नसतील तर ते पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलंय. मी साधी पँट घालते. पहिल्याच आठवड्यात माझे साहेब कर्टिस माझ्या खोलीत आले, दार लोटलं आणि म्हणाले, "ब्रिटा, मी सकाळी तुझ्याच बाजूने येतो. तुला घेत जाईन. एक शब्द विचारणार नाही."

"विचारा की," मी म्हटलं.

"नको, नको. माझ्या मेव्हण्यालाही सहा महिने लागले होते."

घर ते ऑफिस चार पूर्णांक सहा मैल. गाडीने एकोणीस मिनिटं, शिवाय गाडी लावून आत यायला आठ. सायकलने सव्वीस. म्हणजे एक मिनिट वाचतं. ऑफिसला चारशे बारा गाड्यांची जागा आहे आणि सायकलसाठी एक लोखंडी कांब, कचऱ्याच्या पेटीमागे. तिला कोणीतरी ख्रिसमसचं प्लास्टिकचं हरीण साखळीने बांधून ठेवलंय. आम्ही दोघं भागवून घेतो.

वाटेत सव्विसाव्या रस्त्यावरचा सिग्नल मी स्वतः लावलेला आहे. डांबराखाली तारेचं वेटोळं असतं. वर गाडी येऊन थांबली की त्याला कळतं आणि दिवा हिरवा होतो. सायकल त्याच्या खिजगणतीत नाही. मंगळवारी मी तिथे साडेचार मिनिटं उभी होते. शेवटी मागून कचऱ्याचा ट्रक आला, तेव्हा कुठे दिवा बदलला. ड्रायव्हरने काच खाली करून मला विचारलं, "किती महिन्यांसाठी?"

तुझी
ब्रिटा


टोर्स्टन
५ मे

प्रिय ब्रिटा,

बरं, लायसन आहे. मर्लही असंच म्हणायचा.

नेचा मेला. इतके दिवस मी हीटरला दोष देत होते.

तू सायकल चालवतेसच, तर सहज विचारते. दुधाचा मोठा कॅन कसा आणतेस? हँडलला अडकवला तर तोल जात नाही का? वारा समोरून असला तर काय करतेस? आणि पोलिसाने थांबवलं तर सायकलचं लायसन मागतो का? मोठ्या माणसांची तीन चाकी सायकल मिळते असं किराणा दुकानवाला हार्लन म्हणत होता, मागे टोपली असलेली. ती कशी असते? हे सगळं तुझ्या काळजीपोटी विचारतेय.

लाइलने या खेपेला सू फॉल्सच्या एका ठिकाणाचं पत्रक आणलं होतं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'सोनेरी कुरण' म्हणायचं. पत्रकातल्या सगळ्या बायका सॅलडकडे बघून हसतायत. मी म्हटलं, "लाइल, आपलं ठरलंय ते ठरलंय." माझा हॅरल्ड गेला तेव्हाच आम्ही दोघांनी हात मिळवला होता: मी गाडी चालवते आहे तोवर मी माझ्या घरात. ज्या दिवशी गाडी बंद, त्या दिवशी सामान बांधायचं. त्याचंही खरं आहे. इथून त्याचं घर सत्तर मैल, आणि गाडी नसलेलं माणूस टोर्स्टनमध्ये करणार काय? नऊ जूनला मला एक्याऐंशी पूर्ण होतात, तेव्हा लायसन नव्याने काढायचंय. डोळे तपासतात. त्यात काय एवढं.

रस्त्याकडेची आपली टपालपेटी कोणीतरी पाडली. रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या गाडीचा नांगर लागला असेल.

तुझी
आर्डिस आत्या


ओमाहा
१९ मे

प्रिय आत्या,

उत्तरं तुझ्याच क्रमाने. दुधाचा कॅन मागच्या कॅरियरवरच्या पिशवीत ठेवते. दुसऱ्या बाजूच्या पिशवीत तेवढ्याच वजनाचं काहीतरी, बहुधा बटाटे. वारा समोरून असला की हळू जाते. सायकलला लायसन लागत नाही.

शनिवारी बँकेचं दार बंद असतं, फक्त गाडीत बसल्या बसल्या काम होणारी खिडकी उघडी असते. मी सायकल घेऊन रांगेत उभी राहिले. पुढे एक पिकअप, मागे एक पिकअप. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, इथे फक्त वाहनांना येता येतं."

"हे वाहनच आहे."

"इंजिन असलेल्या."

मागच्या पिकअपवाल्याने हाक मारली, "बस गं माझ्या गाडीत, दोन मिनिटांचं तर काम आहे." मी बसले. आम्ही तिघं खिडकीशी गेलो. मला पावती मिळाली, त्याच्या कुत्र्याला बिस्किट. सायकल तोवर रांगेत माझी जागा धरून उभी होती, आणि तिच्या मागे आलेल्या बाईने बिचारीने हॉर्न दिला नाही.

आता एक निरीक्षण. तू वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या कोऱ्या कागदावर लिहितेस. ख्रिसमसच्या पत्रात पानाला बावीस ओळी होत्या. एप्रिलमध्ये सतरा. या पत्रात तेरा. पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात नाही. आणि मे महिन्यात बर्फाचा नांगर कुठून आला?

तुझी
ब्रिटा


टोर्स्टन
२७ मे

ब्रिटा,

कागद माझा आहे, मी त्यावर वाटेल तितक्या ओळी लिहीन. मी तुझा सिग्नल नाही. पाकीट ग्लेनिसने लिहिलं कारण तिचं अक्षर सुंदर आहे. नांगर उशिरा निघाला होता.

आर्डिस

ता. क. तीन चाकीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.


ओमाहा
८ जुलै

प्रिय आत्या,

सहा आठवडे तुझं पत्र नाही. वाढदिवसाचं कार्ड पोचलं का, हेही कळलं नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू "सगळं छान चाललंय, ओव्हनमध्ये काहीतरी आहे" म्हणून ठेवून दिलास. जुलैत तू ओव्हन लावत नाहीस.

तू सांगावंस असं वाटत असेल तर आधी मी सांगायला हवं. मी सायकल का घेतली, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ते एका मिनिटाचं गणित खरं आहे, पण कारण ते नाही.

फेब्रुवारीत मी माझ्या गाडीतून सव्विसाव्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबले होते. समोरून एक म्हातारी बाई सामानाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. माणसाला ओलांडायला किती वेळ द्यायचा याचं एक सूत्र आम्ही वापरतो: सेकंदाला साडेतीन फूट. रस्ता सत्तर फूट रुंद, म्हणून मी वीस सेकंद दिले होते. ती अजून रस्त्यातच होती आणि माझा दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. तिने थांबून आमच्या दिशेने हात वर केला, माफी मागितल्यासारखा. चूक माझी होती आणि माफी ती मागत होती.

गणितात चूक नव्हती. फक्त ते मी गाडीच्या सीटवर बसून केलं होतं. पुढच्या महिन्यात मी सायकल घेतली.

हे लाइलला सांगू नकोस. आता तुझी पाळी.

ब्रिटा


टोर्स्टन
१५ जुलै

प्रिय ब्रिटा,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. चर्चच्या केकविक्रीच्या पाट्या लिहायचा काळा मार्कर घेतलाय. पानाला नऊ ओळी बसतात, मी मोजल्या. माझ्या भाचीला आकडे आवडतात.

डोळ्यांचं मधलं पुसलं गेलंय. कडा दिसतात. तू समोर उभी राहिलीस तर मला तुझे दोन्ही कान दिसतील, नाक नाही. डॉक्टरने जानेवारीतच सांगितलं होतं. हे हळूहळू वाढतं, थांबवता येत नाही, पण कडा राहतील म्हणाला. टपालपेटी मीच पाडली. स्वतःचीच, चाळीस वर्षं जिथे उभी होती तिथेच. त्या दिवशी गाडीतून उतरले आणि मनात आलं, पेटीच्या जागी हार्लनची नात असती तर? त्यानंतर गाडी बाहेर काढलेली नाही.

पण लायसन हातात असलं तर लाइलला काही कळणार नाही, असा माझा बेत होता. ग्लेनिस गेल्याच वर्षी तपासणीला गेली होती आणि तिला मशीनमधली अक्षरं आठवत होती. तिने ती मला जेलीच्या कृतीच्या मागे लिहून दिली. मी आठवडाभर भांडी घासताना पाठ केली. नऊ जूनला केस सेट करून लायसन ऑफिसात गेले. काउंटरवर ड्वेन होता, ज्याला मी चर्चच्या संडे स्कूलमध्ये तीन वर्षं शिकवलंय. मी कपाळ मशीनला टेकवलं आणि सगळी ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

ड्वेन पुढे वाकला. मग हळूच म्हणाला, "मिसेस क्वामे, मी अजून मशीन चालू केलेलं नाही."

"मग कर," मी म्हटलं.

त्याने केलं. म्हणाला, "आता सांगा."

"आता तू सांग. दहा आज्ञा तुला येत नव्हत्या तेव्हा मी नव्हते का सांगत?"

बिचाऱ्याने नाक ओढलं, पण लायसन घेतलंच काढून. त्याचं बरोबर होतं. मी त्याला नीट शिकवलंय म्हणायचं.

लाइलला सांगितलंय की गाडी दुरुस्तीला टाकलीय. याला आता पाच आठवडे झाले. तो म्हणतो, एवढ्यात नवीन बांधून झाली असती. ब्रिटा, मला ते कुरण नको. मला माझं स्वयंपाकघर हवंय. तिथे कुठलं भांडं कुठे आहे ते मला न बघता कळतं. चर्चच्या ऑर्गनवर माझी बोटं आपोआप जातात. हार्लन माझं सामान न सांगता काढून ठेवतो. सू फॉल्समध्ये मी आंधळी होईन. इथे मला फक्त कमी दिसतं.

तर तीन चाकी. या वेळी माझ्यासाठीच विचारतेय.

आर्डिस आत्या


ओमाहा
२० जुलै

प्रिय आत्या,

नकाशावर मोजलं. तुझ्या दारापासून हार्लनचं दुकान ०.६ मैल, चर्च ०.४, पोस्ट आणि बँक त्याच वाटेवर. दोन्ही ठिकाणांपर्यंत पूर्ण फुटपाथ आहे. मोठा रस्ता एकदाच ओलांडावा लागतो, तोही चारही बाजूंना थांबण्याच्या पाट्या आहेत तिथे. नकाशावर माझा विश्वास नाही, म्हणून शुक्रवारी मी येते आहे. भाड्याच्या ट्रकमध्ये तीन चाकी असेल, वापरलेली, लाल, मागे टोपली. आपण ती वाट तीन दिवस रोज दोनदा जाऊ. मी चालत, तू सायकलवर. मला ठीक वाटलं नाही तर ती मी परत नेईन आणि तू रागावलीस तरी चालेल.

ठीक वाटलं तर तीन अटी. एक, पाठीमागे उंच काठीला नारिंगी झेंडा. दोन, चालणाऱ्या माणसापेक्षा जास्त वेग नाही, अंधार आणि बर्फ असताना अजिबात नाही, आणि मोठ्या रस्त्यावर उतरून ढकलत जायचं. तीन, लाइलला तू स्वतः सांगायचंस. माझ्या तोंडून नाही, ग्लेनिसच्या तोंडून नाही.

खसखशीचा केक मी करून बघितला. मध्ये खचला. येताना आणते.

ब्रिटा


टोर्स्टन
२१ ऑगस्ट

प्रिय ब्रिटा,

तू गेलीस त्याला तीन आठवडे झाले आणि तुझी तिसरी अट काल पार पडली. आधी का नाही सांगितलं म्हणून ओरडू नकोस. शब्द जुळवत होते. तेवढ्यात गावाने माझं काम केलं.

पहिल्या सोमवारी हार्लनच्या दुकानापुढे सायकल लावली. तो बाहेर आला, झेंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "होतं असं, आर्डिस. आमच्या घरातही झालंय." मला वाटलं डोळ्यांचं म्हणतोय. मी म्हटलं, "जानेवारीपासून आहे, हार्लन." त्याने मान हलवली आणि संत्री फुकट घातली. बुधवारी बँकेच्या गाडीवाल्या खिडकीशी गेले. तिथल्या मुलीने मला हाकललं नाही बरं का, उलट चघळायची गोळी दिली आणि म्हणाली, "एकेक दिवस करत जायचं, मिसेस क्वामे." रविवारी प्रार्थना झाल्यावर पाद्रीबाबांनी मला कॉफीच्या भांड्याआड घेतलं आणि सांगितलं की चर्चच्या तळघरात मंगळवारी एक मंडळ जमतं, तिथे कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रिटा, गावाला वाटतंय मी पिते. एक्याऐंशी वर्षांत मी चर्चमध्येही वाइनऐवजी द्राक्षाचा रस मागून घेतलाय.

काल लाइल आला. रागाने नाही, घाबरून. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, डॉक्टरकडे जातात तसा. स्वयंपाकघरात बसला, सोडावॉटरच्या बाटल्यांकडे बघितलं, सिंकखालचं कपाट उघडून बघितलं आणि म्हणाला, "आई, कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"रोज?"

"रोजच की. सकाळी उठल्यापासून."

त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. "मला का नाही सांगितलंस? बाबा गेल्यावर एकटेपणाने सुरुवात झाली का?"

"लाइल," मी म्हटलं, "मला दिसत नाही. डोळ्यांचं मधलं गेलंय. लायसन ड्वेनने काढून घेतलं. गाडी मागच्या गॅरेजमध्ये चादरीखाली आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले आणि मला त्याची लाज वाटते. पण थेंबभर दारू प्यायलेली नाही."

तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे असावा, मला कान दिसत होते. मग माझा पोरगा हसायला लागला आणि हसता हसता रडला. "फक्त डोळे?" म्हणाला. "आई, फक्त डोळे?" इतका सुटल्यासारखा झाला की कुरणाचा विषय त्याला आठवलाच नाही. मग मीच काढला, कारण हात मिळवला होता तो मिळवला होता. म्हटलं, "गाडी बंद झाली, लाइल. ठरलंय तसं सामान बांधू का?"

तो उठून बाहेर गेला. खिडकीतून लाल काहीतरी हलताना दिसलं. तीन चाकीवर बसून अंगणात गोल गोल फिरत होता, सहा फूट दोन इंचांचा माणूस. आत येऊन म्हणाला, "ब्रेक चांगले आहेत. कोणी घेतली?"

"ब्रिटाने."

"मग बघून घेतली असेल." खुर्ची ओढत म्हणाला, "ठरलं होतं ते तू फिरू शकतेस तोवर असं होतं ना?" तसं ठरलेलं नव्हतं हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "हो, असंच काहीसं." मग आम्ही नव्याने हात मिळवला. बर्फ पडला की ग्लेनिस ने-आण करणार, आणि शनिवारी तो स्वतः येणार. पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं. पत्रक मी टोपलीच्या तळाशी घातलंय, अंड्यांखाली.

आता दारूचं. लाइल म्हणाला, मी गावात सगळ्यांना खरं सांगून येतो. मी म्हटलं, खबरदार. डोळे गेलेल्या म्हातारीला लोक हाताला धरून खुर्चीवर बसवतात आणि ऑर्गनवर दुसरं कोणीतरी बसवतात. दारू सोडणाऱ्या बाईला संत्री मिळतात. पाद्रीबाबांना तेवढं खरं सांगितलंय. ग्लेनिसला तर माहीतच आहे, तिला तोंड उघडायची सोय नाही, अक्षरं तिनेच दिली होती.

गुरुवारी प्रार्थना मंडळात व्हर्नाने प्रार्थना सुचवली. "आपल्यातल्या एका बहिणीसाठी," म्हणाली, "जी टोर्स्टनमध्ये राहते आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवते." मी डोळे मिटले आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.

तुझी
आर्डिस आत्या


ओमाहा
१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र मी मार्करने लिहिते आहे. पानाला नऊ ओळी. तुला ग्लेनिसकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून.

तीन चाकीच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी राहते. दर सोमवारी अंगठ्याने दाबून बघ. हे बघायला डोळे लागत नाहीत.

सव्विसाव्या रस्त्याच्या सिग्नलवर आता वेटोळ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाने छोट्या सायकलची खूण काढवून घेतली आहे. तिच्यावर चाक ठेवून उभं राहिलं की दिवा बदलतो. ओलांडायला मी सेकंदाला अडीच फूट धरून अठ्ठावीस सेकंद केले. कर्टिसनी विचारलं, "हा आकडा कुठून आणलास?" मी सांगितलं, "तीन चाकीबरोबर तीन दिवस चालून." त्यांनी सही केली. मेव्हण्याचं आता बरं चाललंय असंही सांगितलं.

काल सकाळी ती बाई दिसली. तीच ढकलगाडी. मी पांढऱ्या सायकलवर चाक ठेवून थांबले होते. ती पलीकडच्या फुटपाथवर चढली तेव्हा तीन सेकंद शिल्लक होते. तिने मागे वळून दिव्याकडे जरा संशयाने बघितलं, घड्याळ मागे पडल्यासारखं. माझा दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

मी हात वर केला नाही. सावकाश निघाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे. नेच्याचं रोप आणते.

तुझी
ब्रिटा